आदिवासी बायकांचं नृत्य ‘समकालीन’ही आणि ‘पूर्वजांच्या जमिनीचं’ही, हे एकाच वेळी कसं?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायका आधुनिक रंगमंचावर आपली वडिलोपार्जित जमीन ‘नाचतात’ म्हणजे नेमकं काय करतात. मी सिडनीत राहते आणि या नृत्याने मला फार दिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांच्याकडे नाच हाच सातबारा आहे. ही नुसती उपमा नाही. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला, तेव्हा दावा सांगायला कुणाकडे खरेदीखत नव्हतं. काही सुनावण्यांत बायकांनी अंगावर आपापल्या जागेच्या खुणा रंगवल्या, त्या जागेची गाणी म्हटली आणि आयुक्तांसमोर नाचल्या. ती नक्षी, ते गाणं कुणीही उचलून चालत नाही. ज्यांची ती जागा, त्यांनाच तो अधिकार. तो नाच पुरावा म्हणून धरला गेला. नॉर्दर्न टेरिटरीतल्याच युटोपिया भागात बायकांच्या या विधीला अवेल्ये म्हणतात. तिथल्या चित्रकार एमिली काम कंग्वारेये यांची जगभर गाजलेली चित्रंही या अंगावरच्या रेघांतूनच आलेली.

आता रंगमंचाकडे. १९८९ मध्ये सिडनीत बांगारा डान्स थिएटर ही आदिवासी कलाकारांची नृत्यसंस्था सुरू झाली. विराजुरी या आदिवासी भाषेत बांगारा म्हणजे आग पेटवणे. २०२३ पासून तिच्या कलादिग्दर्शक आहेत मिरनिंग समाजाच्या फ्रान्सिस रिंग्ज. त्यांचं ‘टेरेन’ हे २०१२ चं नृत्य काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, या मिठाच्या सरोवराबद्दल आहे. समुद्रसपाटीच्याही सुमारे १५ मीटर खाली असलेलं हे सरोवर बहुतेक वेळा कोरडं असतं आणि कधीतरी लांबच्या पावसाचं पाणी नद्यांतून येऊन भरतं. ती अरबाना लोकांची भूमी. त्यांच्यातल्या ज्येष्ठांना विचारून, त्यांच्याबरोबर तिथे जाऊन मगच नृत्य बसवलं गेलं. परवानगीची ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

२०२२ मध्ये ऑपेरा हाऊसमध्ये मी ते पाहिलं. त्यात ‘स्पिनिफेक्स’ नावाचा बायकांचा एक भाग आहे. नर्तकी वाळवंटातल्या झाडाझुडपांची रूपं घेऊन येतात. कमरेत वाकलेल्या, गुडघे सैल, अख्खा तळवा जमिनीवर. बॅलेमध्ये शरीर वर झेपावतं, इथे सगळं वजन खाली जातं. आपण झाडाची नक्कल बघतोय असं एकदाही वाटलं नाही. आपल्या थोरल्या बहिणीबद्दल कुणी सांगावं तसं ते होतं. तिथले लोक ‘कंट्री’ म्हणतात ते हेच: माती, पाणी, झाडं, पूर्वज, माणसं सगळी एकाच गोतातली.

मला तिथे आजी आठवली. तिचं गाव धरणात गेलं. तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं, म्हणून तिला कुणी काही विचारलंही नाही. पण पुनर्वसनाच्या नव्या गावातही गौरीच्या रात्री फेर धरला की ती गाण्यात बुडालेल्या वावरांची नावं गुंफायची: वडाची पट्टी, टेकाचं वावर, मळई. एखादं नाव चुकलं तर फेर थांबवून पुन्हा पहिल्यापासून. आम्हा मुलींना तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

रिंग्जचं २०२३ चं ‘युल्डिया’ही जरूर बघा. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उल्डियाला (युल्डिया म्हणजे हीच जागा) एक जिवंत झरा होता. अनेक समाज तिथे जमायचे, देवाणघेवाण व्हायची. १९१७ मध्ये देशाच्या दोन बाजूंनी आलेले रेल्वेचे रूळ तिथेच जोडले गेले, आणि वाफेच्या इंजिनांसाठी इतकं पाणी उपसलं की झरा नासला. १९५२ मध्ये तिथल्या ख्रिस्ती मिशनमधली आदिवासी माणसं हलवली गेली, आणि १९५६-५७ मध्ये जवळच्याच मारालिंगाला ब्रिटिशांनी अणुबॉम्बच्या ७ चाचण्या केल्या. मारालिंगाच्या जमिनीचा शेवटचा तुकडा तिथल्या मूळ अनांगू लोकांच्या हाती परत यायला २०१४ उजाडलं.

म्हणजे ‘समकालीन’ काय आहे? रूळ, बॉम्ब, उपसलेलं पाणी, हे सगळं जमिनीच्या बाबतीत अलीकडेच घडलेलं आहे, आणि जुन्या नाचात त्याला जागा करून द्यावी लागते. पहिल्यांदा बघाल तेव्हा चेहऱ्यांपेक्षा पायांकडे जास्त लक्ष ठेवा.