‘डिजिटल अटक’ आणि घरातला अबोला

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक. ‘डिजिटल अटके’च्या (पोलीस असल्याचं भासवून भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर केलेल्या खोट्या अटकेच्या) भीतीने त्यांनी ठेव मोडून त्या भामट्यांना आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्या खात्यात, पैसे पाठवले. चार दिवस कुणाला बोलले नाहीत. शिकलेला माणूस कसा फसतो? आता तक्रारीचा उपयोग आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इथे शिक्षण आड येत नाही, उलट अब्रूची काळजी जास्त असलेला माणूस लवकर सापडतो. मुलं परगावी, घरात दोघंच, पोलिसांचा धाक जुना. त्यात ‘कुणाला सांगाल तर त्यांनाही अटक’ ही धमकी. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कायद्यात कुठेही नाही, पण घाबरलेल्याला हे त्या क्षणी सांगणार कोण?

तक्रार आजच करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. सोबत तारीख, रक्कम, २२ अक्षरी यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही पुसू नका. पैसे आधी ‘भाड्याच्या’ खात्यात जातात. थोड्या कमिशनसाठी कुणा बेरोजगार पोराने पासबुक-सिम दिलेलं असतं (गुन्ह्यात तोही अडकतो). तिथून रक्कम तुकड्यांत पुढे सरकते. उशीर महाग पडतो तो यामुळेच. तरी एखाद्या खात्यात शिल्लक गोठवली गेली, तर न्यायालयाच्या आदेशाने ती परत मिळू शकते. ‘फी भरा, पैसे सोडवून देतो’ म्हणणारा फोन आला, तर तो दुसरा भामटा.

आणि वडिलांना रोज हिशेब विचारणं थांबवा. पुढचा असा फोन त्यांनी तुम्हाला सांगायला हवा ना?