माझा सूर लागत नाही, तरी मुलीबरोबर गाऊ का?

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची आहे, गाण्याची भयंकर आवड. पण माझा आवाज जाडाभरडा आणि सूर कधीच लागत नाही, म्हणून मी मोबाईलवर बडबडगीतं लावून देतो. बायको म्हणते तूच म्हण ना. म्हटलं तर मुलगी माझ्याबरोबर गाते पण तिचा सूर भलतीकडेच जातो. माझं ऐकून तिचं गाणं बिघडणार तर नाही ना? - एक बाबा

उत्तर: नाही बिघडणार, बिनधास्त गा. तिचा सूर भलतीकडे जातो त्याचं कारण तुमचं बेसूर गाणं नाहीये. पुरुषांचा बोलण्याचा आवाज साधारण 100 ते 130 हर्ट्झच्या (हे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा मोठा तितका आवाज बारीक) आसपास असतो आणि एवढ्या लहान मुलांचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर, म्हणजे तुम्ही जो सूर लावता तो तिच्या गळ्यात खाली बसतच नाही, तिला तो एक सप्तक वर जाऊन शोधावा लागतो आणि या वयात ते अवघड असतं. चांगला गाणारा बाबा असता तरी हेच झालं असतं. शिवाय अडीच वर्षांची मुलं गाण्याचे शब्द आणि ठेका आधी पकडतात, सूर बराच नंतर स्थिरावतो. म्हणून उलटं करून बघा, सुरुवात तिला करू द्या आणि तुम्ही हलक्या, थोड्या बारीक आवाजात तिच्या पट्टीत जायचा प्रयत्न करा. नाही जमलं तरी चालेल, पण "असं नाही, असं म्हण" हे मात्र अजिबात नको, त्याने मुलं गप्प होतात.

लयीचंही तेच. लहान मुलांचा स्वतःचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तुम्ही संथ गायलात की ती पुढे पळणार, तेव्हा तुम्हीच तिच्या मागे पळा! आणि हेच मोबाईल करू शकत नाही. तो थांबत नाही, तिच्यासाठी वेग बदलत नाही. तुम्ही ओळ म्हणून शेवटचा शब्द सोडून द्या आणि तिच्याकडे बघत थांबा, ती तो शब्द भरणारच, मग पुढच्या वेळी दोन शब्द सोडा. तेच गाणं पुन्हा पुन्हा मागेल, कंटाळू नका, पुढे काय येणार हे माहीत असण्यातच तिची मजा आहे.

प्रश्न: बाळ आठ महिन्यांचं आहे. बुद्धी वाढते म्हणून नवरा रोज तासभर शास्त्रीय संगीत लावून ठेवतो आणि स्वतः आपला लॅपटॉपवर. खरंच फायदा होतो का? - एक आई

उत्तर: बुद्धीचं हे सगळं 1993च्या एका प्रयोगावरून पसरलं, आणि तो बाळांवर झालाच नव्हता, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. त्यांनी दहाएक मिनिटं मोझार्ट या पाश्चात्य संगीतकाराची रचना ऐकली आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत थोड्या वेळापुरता थोडा फरक दिसला, बस.

त्यापेक्षा मला 2005चा कॅनडातला प्रयोग जास्त आवडतो. सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवला, काहींना दर दुसऱ्या ठोक्यावर झुलवलं आणि काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्याला जसं झुलवलं होतं तोच ठेका त्याला ऐकायला जास्त आवडला, आणि नुसतं दुसऱ्याला झुलताना बघून हे होत नव्हतं, स्वतःचं अंग हलावं लागत होतं. म्हणजे बाबाच्या हातांना इथे खरं काम आहे. त्यांना सांगा लॅपटॉप बंद करा, बाळाला घट्ट धरून गाण्यावर डोला, मांडीवर बसवून डबा वाजवा, त्याने हात मारला की तुम्ही तसाच मारा. एक गाणं पुरे, तासभर नकोच. स्पीकर किंवा वाजणारं खेळणं कानाशी नेऊ नका आणि खुळखुळ्याचे छोटे भाग सुटत नाहीत ना ते आधी तपासा, कारण या वयात सगळं तोंडातच जातं. बाळाने मान फिरवली की त्या दिवशीचं गाणं तिथेच थांबवायचं.