मंडळावर निवडून आल्यावर: खर्चाविषयी एक पत्र

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा, कारभार पाहणाऱ्या फाउंडेशनच्या संचालक मंडळावर तू निवडून आलीस हे वाचून मनापासून आनंद झाला. नोकरी सांभाळून रात्री दुसऱ्यांचे पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, तपासलेस, नवख्यांच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिलीस. लोकांनी मत दिलं ते त्या कामाला. आता मात्र तुझ्यापुढे कोड नाही, अंदाजपत्रक येणार आहे. पहिला पैसा कशावर खर्च करायचा, असं तू विचारलंस. माझं मत सरळ आहे: जे काम हौसेनं कुणी करणार नाही, त्यावर.

नवं फीचर लिहायला माणसं मिळतात. परिषदेत भाषण द्यायलाही मिळतात. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पुल रिक्वेस्ट (आपला बदल कोडमध्ये घ्या, अशा विनंत्या) वाचणं, मध्यरात्री बंद पडलेला सर्व्हर उठवणं, सुरक्षेच्या त्रुटीचा मुळापर्यंत माग काढणं, प्रायोजकांकडून थकलेली बिलं वसूल करणं, यांना रांग लागत नाही. आपल्या गावोगावच्या वाचनालयांसारखंच हे आहे. तिथं पुस्तकं आणि नाव घातलेली कपाटं देणारे दाते भेटतात, ग्रंथपालाचा पगार देणारा भेटत नाही.

याची किंमत एप्रिल २०१४ मध्ये सगळ्या जगानं पाहिली. वेबसाइटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या तयार कोडच्या संचात (लायब्ररीत) हार्टब्लीड नावाची त्रुटी सापडली तेव्हा इंटरनेटवरच्या असंख्य वेबसाइटांची सुरक्षितता त्या एका लायब्ररीवर उभी होती. तिला मिळणाऱ्या देणग्या मात्र वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच. जे वापरत होते त्यांच्यात बलाढ्य कंपन्या होत्या. हे कुणीतरी पाहतच असेल, असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं.

याच्या उलट उदाहरण पायथन या प्रोग्रामिंग भाषेमागच्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं. २०२१ मध्ये त्यांनी वुकाश लांगा यांना पूर्णवेळ पगारी डेव्हलपर म्हणून नेमलं, सुरुवातीला गूगलच्या पैशांवर. भाषेत नवी भर घालणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. साचलेल्या पुल रिक्वेस्ट आणि बग मार्गी लावायचे, स्वयंसेवकांची वाट मोकळी करायची, यासाठी ती नेमणूक होती. एका पगारामुळे अनेकांचा फुकट दिलेला वेळ वाया जायचा थांबतो. असा खर्च मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

मात्र पगार सुरू करताना जपून पाऊल टाक. शेजारी बसून तेच काम विनामूल्य करणाऱ्याला आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय असं वाटलं, तर तो निमूटपणे निघून जातो. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणारी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणूनच कोड लिहिण्यासाठी कुणाला पैसे देत नाही. पायाभूत यंत्रणा सांभाळायला देते. तिचे नऊ संचालकही बिनपगारी असतात. तुमच्याकडे हीच रेघ हवी असं नाही, पण कुठेतरी रेघ हवी आणि ती सगळ्यांना ठाऊक हवी.

आता रोखीविषयी. इथं मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण चांगल्या मनाची माणसं इथंच अडकतात. लिनक्ससाठी ग्नोम हा डेस्कटॉप बनवणाऱ्यांचं ग्नोम फाउंडेशन महिलांना मुक्तस्रोत क्षेत्रात आणणारा एक इंटर्नशिप कार्यक्रम चालवत होतं. कार्यक्रम इतका यशस्वी झाला की इतर अनेक संस्था त्यात आल्या. पैसे त्यांनी द्यायचे आणि वाटप ग्नोमनं करायचं, अशी व्यवस्था होती. मुलींचं मानधन ठरल्या तारखेला जायचं, प्रायोजकांचे पैसे मात्र उशिरा यायचे. मधली दरी ग्नोमच्या गंगाजळीतून भरली जात राहिली, आणि एप्रिल २०१४ मध्ये मंडळाला अत्यावश्यक नसलेला सगळा खर्च गोठवावा लागला. यात कुणी पैसे खाल्ले नव्हते, आणि कागदावर येणी होतीच. चुकलं ते वेळेचं गणित. त्याच सुमारास कार्यकारी संचालकही दुसऱ्या संस्थेत गेल्या होत्या, त्यामुळे निस्तरायचं ओझं स्वयंसेवक असलेल्या मंडळावर आलं. तो कार्यक्रम पुढे आउटरीची या नावानं वेगळ्या संस्थेकडे गेला आणि टिकला, याचं मला फार समाधान आहे.

म्हणून खजिनदाराला दर बैठकीत विचार: आज बँकेत किती आहे, त्यातलं आपलं किती आणि दुसऱ्यांच्या नावचं किती, आणि एक पैसाही आला नाही तर किती महिने निभतील? उत्तर लगेच मिळालं नाही, तर बाकी विषयपत्रिका पुढे ढकल. एखादी मोठी देणगी आली की दरवर्षीचा खर्च वाढवायचा मोह होतो. देणगी एकदाच येते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

नेतृत्वाविषयी एवढंच सांगते. नकार तुला द्यावा लागेल, आणि तो आकड्यांसह, उघडपणे दे. पायथनवाल्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये त्या वर्षाचा ठरलेला निधी संपल्यावर अनुदानं थांबवली आणि तसं जाहीर सांगितलं. जगभरच्या छोट्या मेळाव्यांना तो फटका होता, तरी लपवाछपवी झाली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडचा १५ लाख डॉलरचा प्रस्तावच मागे घेतला. पैसा पायथनच्या पॅकेजेसच्या (इतरांनी लिहून वाटलेल्या तयार कोडच्या) सुरक्षेसाठी, म्हणजे अगदी हव्या त्या कामासाठी होता. पण विविधता आणि समावेशाचे उपक्रम चालवणार नाही, अशी अट साऱ्या संस्थेला लागू होणार होती आणि दिलेले पैसे परत मागण्याची तरतूदही होती. वर्षाचं अंदाजपत्रक ५० लाख डॉलरच्या घरात असताना एवढी रक्कम सोडणं सोपं नव्हतं. मंडळानं एकमतानं सोडली. त्यानंतर अनेकांनी आपणहून देणग्या पाठवल्या, पण त्या येतील हे ठरवताना कुणाला माहीत नव्हतं.

अमेरिकेत नोंदलेल्या अशा संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९०, म्हणजे जमाखर्चाचं विवरणपत्र, भरावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. तुमच्या फाउंडेशनचे गेल्या तीन वर्षांचे काढ. परिषदेवर किती गेले, पगारांवर किती, आणि सर्व्हर व सुरक्षेवर किती, हे एका कागदावर मांड आणि पहिल्या बैठकीआधी मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर बसून सगळं एकत्र वाचू.

तुझी,
ताई