ग्लूमहेवन या पटावरच्या खेळात सगळे राक्षस मेल्यावर जमिनीवरची नाणी का उचलता येत नाहीत?

नियमच पाळा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, खोली रिकामी झाल्यावर खाली वाकून नाणी उचलायला कोण अडवणार? पण हा खेळ त्या तर्कावर उभाच नाही. आम्ही नाशिकला कॉलेज रोडवर एका मित्राकडे दर रविवारी खेळतो, तिथेही याच मुद्द्यावर जुंपते.

उद्दिष्ट पूर्ण झालं की ती फेरी संपताच डाव संपतो आणि पटावर उरलेली नाणी जातात. म्हणून शेवटचा राक्षस अर्धमेला असताना खरी मजा येते: एकाने त्याला झुंजवत ठेवायचं, दुसऱ्याने आपली चाल नाण्यांच्या षटकोनावर संपवायची. तिकडे हातातले पत्तेही संपत आलेले असतात. फुकट नाणी दिलीत तर हा ताण जातो, शिवाय सगळे लवकर श्रीमंत होऊन पुढची सामग्री स्वस्त वाटायला लागते.

कॅरममध्ये राणीला कव्हर का लागतं, हे कुणी विचारतं का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची गोष्ट वेगळी. तिथे डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, असतो, त्यामुळे ‘तेल सांडलंय, मशाल टाकतो’ म्हटलं की तो निर्णय देऊ शकतो. पटावरच्या खेळात असा पंच नसतो; तर्क मोकळा सोडला की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

तरी बदल हवाच असेल तर डाव मांडण्याआधी सगळ्यांच्या संमतीने ठरवा. अर्ध्यात अजिबात नाही.