पपईवरचा व्हायरस फवारणीनं का जात नाही?

प्रश्न (शहादा, जि. नंदुरबार): पपई चार महिन्यांची आहे. शेंड्याची पानं पिवळी पडून दोऱ्यासारखी बारीक झालीत. दुकानातून आणून तीन औषधं मारली, गुण नाही. हवाईत व्हायरस न येणारी पपई आहे म्हणतात, तिचं बी मिळेल का?

उत्तर: भाऊ, चौथ्या फवारणीवर पैसे घालू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत देठांवर तेल ओघळल्यासारख्या गर्द हिरव्या रेघा दिसतात. हा रिंगस्पॉट विषाणू आहे. पुढे फळांवर गोल कडी उमटतात. लागलेलं झाड कुठल्याच औषधानं बरं होत नाही.

तो पसरवतो मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पण हा मावा पपईवर वस्ती करत नाही. उडता उडता बसतो, सोंड टोचून चव बघतो, रुचली नाही की पुढच्या झाडावर. विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटलेला असतो आणि लागण व्हायला काही सेकंद पुरतात. औषधानं मावा मरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मात्र विषाणू सोंडेवर फार वेळ टिकत नाही, दुसऱ्या पिकावर दोन-चारदा टोचलं की पुसला जातो. म्हणून पुढच्या लागवडीला महिनाभर आधी चारी बांधांकडेनं मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरा.

हवाईच्या पुना भागात हा रोग 1992 मध्ये शिरला. शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक पपईत घातलं होतं. 1998 मध्ये 'रेनबो' या रोगाला तोंड देणाऱ्या वाणाचं बी शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि बुडालेल्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या. फार मोलाचं काम आहे ते. पण ती ताकद तिथल्याच विषाणूशी जुळवलेली; हवाईबाहेरच्या विषाणूंपुढे रेनबो टिकली नाही. शिवाय आपल्याकडे जनुक बदललेल्या पपईला परवानगी नाही. असं बी कुणी गुपचूप देत असेल तर घेऊ नका.

उद्या सकाळीच लागलेली झाडं मुळासकट उपटून खड्ड्यात पुरा. बागेत काकडी, भोपळा, दोडका अशी वेलवर्गीय आंतरपिकं नकोत, हा विषाणू त्यांच्यावरही राहतो. रोग बियातून येत नाही, तेव्हा रोपं कीटकरोधक जाळीत वाढवलेलीच घ्या. आणि शेजारी फळं संपलेली रोगट जुनी बाग उभी असेल तर त्या शेतकऱ्याशी आधी बोला. ती निघेपर्यंत नवी रोपं रानात नेऊ नका.