लॉगिनला २०० (सगळं ठीक) येतो, पण सर्व्हरला केलेल्या पुढच्याच कॉलला ४०१ (ओळख पटली नाही). काय चुकतंय?

फोंड्यातल्या दुकानाचा स्टॉक रोज रात्री वेब अ‍ॅपमधून पायथनने ओढायचाय, असं तुम्ही लिहिलंय. पासवर्ड बहुधा बरोबरच आहे, तुमची ओळख पुढच्या कॉलपर्यंत पोचत नाहीये. ब्राउझर कुकी (सर्व्हरने दिलेली ओळखीची छोटी नोंद) आपोआप पाठवतो, स्क्रिप्टला ते सांगावं लागतं.

लॉगिनचा रिस्पॉन्स उघडून बघा. हेडरमध्ये 'सेट-कुकी' दिसलं तर पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचं सेशन ऑब्जेक्ट (ते कुकी लक्षात ठेवतं) बनवा आणि लॉगिनसकट सगळे कॉल त्याच्यावरूनच करा. बॉडीत (रिस्पॉन्सच्या मुख्य मजकुरात) जेसन, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा डेटा, आणि त्यात टोकन (ओळखीचा लांब कोड) आलं असेल तर प्रत्येक कॉलला ऑथोरायझेशन हेडर लावा: 'बेअरर', एक स्पेस, मग टोकन. ती स्पेस हमखास राहते.

बॉडीत एचटीएमएल, म्हणजे आख्खं वेबपान, आलं तर मात्र त्या २०० वर विसंबू नका. बरीच अ‍ॅप्स लॉगिन फसलं तरी तोच फॉर्म २०० सकट परत देतात. अशा वेळी अनेकदा सीएसआरएफ टोकन (फॉर्म त्याच साइटवरून आलाय हे पटवणारा कोड) गेलेलं नसतं. आधी लॉगिनचं पान गेट करा (म्हणजे मागवा), त्यातल्या लपलेल्या इनपुटची व्हॅल्यू उचला आणि ती लॉगिनच्या माहितीसोबत त्याच सेशनमधून पोस्ट करा (म्हणजे पाठवा).

आणि कृपा करून मालकाचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका. अ‍ॅप एपीआय की (स्क्रिप्टसाठीची वेगळी किल्ली) देत असेल तर तीच घ्या, जमल्यास फक्त वाचण्यापुरती. उद्या ती फुटली तरी तेवढीच रद्द करता येते.