एल्क आणि प्रॉन्गहॉर्नसाठी एकच रायफल चालेल?

प्रश्न: मी डेन्व्हरला एच-वन व्हिसावर असतो. ऑफिसातले मित्र दरवर्षी शिकारीला जातात. यंदा मीही हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. पूर्वेच्या माळावर प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखं लहान, चपळ जनावर) आणि डोंगरात एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) असा बेत आहे. दुकानदार दोन वेगळ्या रायफली घ्यायला सांगतो. खरंच लागतात का? — एक वाचक, कोलोराडो

उत्तर: नाही लागत. ३०८ विंचेस्टर काडतुसाची एकच रायफल घ्या आणि दुकानातून बाहेर पडा.

एल्कचा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, प्रॉन्गहॉर्न पन्नासच्या आसपास. म्हणून 'एल्कला मॅग्नमच (जास्त जोरदार काडतुसाची रायफल) हवी' असं सांगणारे भेटतील. पण कोलोराडोचा नियम एल्कसाठी मागतो काय, तर किमान ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅमची), लागल्यावर पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. ३०८ ची १६५ ग्रेनची गोळी त्याच्या दुपटीच्या घरात जाते. उलट मॅग्नमच्या दणक्याची खांद्याने एकदा धास्ती घेतली की नवशिक्याचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटतात. दोन्ही जनावरांना तीच १६५ ग्रेनची बॉण्डेड (आतलं शिसं वरच्या आवरणाला पक्कं जोडलेली) गोळी वापरा. १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असा नेम बसवला की २०० पर्यंत काही हिशेब करावा लागत नाही. ३०० ला गोळी वीतभर खाली येते. माळावर ४०० चा मोह होईल, पण तिथला वारा तुमच्या बाजूने नसतो. जवळ सरकायला शिका. सरकताना जमिनीलगतचे निवडुंग गुडघ्यात घुसतात, तेव्हा गुडघ्याचे पॅड आणि चामड्याचे हातमोजे घ्याच.

वाचलेले पैसे बुटांत आणि १०x४२ (दहापट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीत घाला. रायफलवर ३ ते ९ पट मोठं दाखवणारी साधी स्कोप (नेमाची दुर्बीण) पुरे. तीन हजार मीटरवर ऑक्टोबरात बर्फ पडू शकतो. तिथे जीन्स भिजली की वाळत नाही, मेरिनो लोकर घाला. झाडापानांचं चित्र असलेलं महागडं जॅकेट हौस असेल तरच. त्यावर तसंही ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने घालावीच लागते. (हरणांना नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, काळजी नको.)

पाठीवरची फ्रेमवाली सॅक मात्र चांगली हवी. एल्कचं हाड काढलेलं मांसही ऐंशी-नव्वद किलो भरतं आणि ते खेपा करून तुम्हालाच गाडीपर्यंत आणायचं असतं. माळावर दुपारी ऊन असतं, म्हणून कातडं लगेच काढा, मांस जाळीदार कापडी पिशव्यांत भरा आणि गाडीत बर्फाचा कूलर तयार ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एच-वनवाल्याला बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. म्हणजे तुमच्या बाबतीत आधी परवाना, मग रायफल. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, रायफल नुसती कपाटात पडून असली तरी. खरेदीआधी वकिलाला विचारून घ्या.